शाल कुणाला, तास कुणाचे?

वृद्धाश्रमात मनापासून काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा सत्कार करावा का? याला कुणी 'नको' म्हणेल असं वाटत नाही. एक शाल, एक नारळ, सन्मानचिन्ह आणि कौतुकाचे दोन शब्द, एवढ्याला काय हरकत असणार? पण नेमका कुणाचा सत्कार करायचा आणि कशाबद्दल, हे ठरवायला बसलं की गाडी अडते. मग लक्षात येतं की चांगुलपणा म्हणजे काय, याची आपल्या डोक्यात तीन-चार वेगवेगळी उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी भांडताहेत.

माझ्यासमोर हा प्रश्न एका ॲपच्या निमित्ताने आला. पुण्याच्या बाहेर एका छोट्या वृद्धाश्रमात मी गेली तीन वर्षं रविवारी सकाळी जाते. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९० मध्ये जाहीर केला. त्या दिवशी आमच्याकडे कार्यक्रम असतो, पाहुणे येतात, देणगीदार येतात. या वर्षी समितीतले एक काका म्हणाले, "तू आयटीतली ना? मग एक छोटंसं ॲप करून दे. कोण किती वेळा आलं, किती तास दिले, त्याचे पॉइंट. ज्याचे सगळ्यात जास्त, त्याला उत्कृष्ट स्वयंसेवक पुरस्कार. म्हणजे भांडणच नको."

तांत्रिकदृष्ट्या हे एका वीकेंडचं काम. दाराशी क्यूआर कोड, येताना स्कॅन, जाताना स्कॅन, बाकी नुसती वजाबाकी. पण टेबलमध्ये कॉलम कोणते ठेवायचे हे लिहायला घेतलं आणि तिथेच थांबले.

मोजायचं काय?

आम्ही तिथे करतो ती कामं सांगायला गेलं तर अगदी किरकोळ आहेत. पेपर वाचून दाखवणं. नखं कापणं. कानातल्या मशीनची बॅटरी बदलणं. अमेरिकेतल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून देणं आणि तो कॉल चालू असताना खोलीबाहेर थांबणं. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची गडबड सुरू होते. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि हा दाखला ऑनलाइन देता येऊ लागला, पण वयामुळे झिजलेले बोटांचे ठसे मशीन पुष्कळदा घेतच नाही. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. तेव्हापासून आमचं नोव्हेंबरातलं निम्मं काम म्हणजे खुर्ची उजेडात ओढायची, फोन समोर धरायचा आणि "आजोबा, आता डोळे मिचकवा" असं म्हणत बसायचं. आपण जिवंत आहोत हे दर वर्षी डोळे मिचकावून सिद्ध करायचं, यावर आजोबांचे जे विनोद असतात ते इथे छापण्यासारखे नाहीत.

आता दोन नोंदी बघा. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर मंगळवारी संध्याकाळी येतात. स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजोबांशेजारी बसतात. बोलणं जवळजवळ नाहीच. वीस मिनिटांनी उठतात आणि जातात. आजोबांना त्यांचं नाव आठवत नाही, पण मंगळवारी संध्याकाळी ते दाराकडे तोंड करून बसतात. दुसरी नोंद: एका कॉलेजचा ग्रुप आला. २५ मुलं, ४ तास, गाणी, केक, फुगे, फोटो. माझ्या वजाबाकीच्या हिशोबाने त्या एका दुपारचे १०० तास होतात. मंगळवारच्या काकांना तेवढे तास भरायला ३०० आठवडे लागतील, म्हणजे जवळपास सहा वर्षं.

मुलांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. त्या दुपारी आज्या खरंच हसल्या, एकीने तर टाळ्यांवर तालही धरला. मुद्दा मोजपट्टीचा आहे. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. किती ओळी कोड लिहिला यावरून कुणाची किंमत केली की ओळी वाढतात, किती तिकिटं बंद केली यावरून केली की एका तिकिटाची तीन तिकिटं होतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात जे मांडलं, ते आज सगळीकडे लागू केलं जातं: एखादं मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. वृद्धाश्रमातल्या तासांना पॉइंट लावले तर तास वाढतील. मंगळवारची वीस मिनिटं वाढतील का, हे सांगता येत नाही.

मग सत्कारच नको?

इथे एक सोपी पळवाट आहे आणि आपल्याकडे ती फार लोकप्रिय आहे. सेवा निष्काम असावी, खऱ्या सेवकाला शालीची गरज नसते, ज्याला हवी असेल तो खरा सेवक नव्हेच. विषय संपला.

या म्हणण्याला वजनदार पाठबळही आहे. गीतेतला निष्काम कर्मयोग तर आहेच. १७८५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने आणखी कडक भूमिका घेतली. दुसऱ्याला मदत करून ज्याला आतून आनंद होतो, अशा माणसाच्या कृतीलाही तो खरं नैतिक मूल्य द्यायला तयार नाही. ती ओढ मानाच्या ओढीसारखीच एक ओढ आहे, असं तो म्हणतो. कृती कर्तव्य म्हणून केली तरच तिला नैतिक मूल्य. या कसोटीवर आमच्या आश्रमातले बहुतेक सगळे नापास होतील. मीही. मला तिथे जायला आवडतं.

मानसशास्त्राचाही एक पुरावा या बाजूने देता येतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलं अशी निवडली, की ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडतं. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी, कसलंही बक्षीस नसताना मुलं किती वेळ चित्रं काढतात ते पाहिलं. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, त्यांनी इतरांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. गंमत अशी की ज्यांना अचानक प्रमाणपत्र मिळालं, त्यांचा रस कमी झाला नाही.

म्हणजे घोळ प्रमाणपत्राने झाला नाही. 'हे केलंस तर ते मिळेल' या सौद्याने झाला. लहान मुलांचा निष्कर्ष मोठ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही हे मान्य. पण आपल्यातल्या अनेकांनी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरलेत. ही योजना १९६९ मध्ये सुरू झाली, वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. काही मुलांना त्या तासांतून खरंच गोडी लागली. काहींचे तास भरले आणि त्या दिवसापासून पाय वळला तो वळलाच. तुमच्या वर्गात दोन्ही प्रकार असणार.

निष्काम कुणी असायचं?

तरीही 'सत्कारच नको' हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. फळाची अपेक्षा ठेवू नकोस, हा उपदेश काम करणाऱ्याला आहे. बघणाऱ्याने कौतुक करू नये, असं त्यात कुठेच नाही. दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी कर्तव्यं आहेत. मी आभाराची वाट बघू नये, ही माझी शिस्त. तू आभार मानावेस, ही तुझी. माझी शिस्त दाखवून तू तुझी चुकवायला लागलास, तर त्याला अध्यात्म म्हणत नाहीत, चिकटपणा म्हणतात. शिवाय त्याच गीतेत लोकसंग्रहाचाही विचार आहे: मोठी माणसं जसं वागतात ते पाहून बाकीचे वागतात. न दिसणारं चांगलं काम कुणी शिकणार कुठून?

ॲरिस्टॉटलने सन्मानाबद्दल एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. सन्मान हेच आयुष्याचं सर्वोच्च ध्येय का असू शकत नाही, हे सांगताना तो म्हणतो, की सन्मान घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हातात जास्त असतो. त्याने हे सन्मानाचं उणेपण म्हणून सांगितलं. मला ते उलटं वाचावंसं वाटतं. सन्मान देणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून तो देणाऱ्याबद्दल बोलतो. आपण शाल कुणाच्या खांद्यावर टाकतो, यावरून आपल्याला काय मोलाचं वाटतं ते उघड होतं. तेव्हा प्रश्न 'सत्कार करावा का' हा राहत नाही. प्रश्न असा होतो, की आपल्या सत्कारातून आपल्याबद्दल काय दिसतं?

मंगळवार म्हणजे मंगळवार

याचं उत्तर शोधताना मला एका जुन्या अभ्यासाची फार मदत झाली. अमेरिकेत रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका वृद्धनिवासातल्या लोकांना भेटायला कॉलेजचे विद्यार्थी पाठवले. काही वृद्धांना भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येत होतं. काहींना ते ठरवता येत नव्हतं, पण कोण कधी येणार हे आधी सांगितलं जायचं. काहींकडे विद्यार्थी न सांगता, कधीही यायचे. एका गटाला भेटीच नव्हत्या. पहिल्या दोन गटांतल्या वृद्धांची तब्येत आणि उमेद, दोन्ही इतरांपेक्षा सुधारलेली दिसली. कधीही उगवणाऱ्या पाहुण्यांचा तसा उपयोग दिसला नाही. माणूस येण्याइतकंच, तो येणार हे माहीत असणं औषधासारखं होतं.

पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. १९७८ मध्ये शुल्झ आणि हनुसा यांनी त्याच लोकांचं पुढे काय झालं ते पाहिलं. अभ्यास संपला होता, भेटी थांबल्या होत्या. ज्या दोन गटांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता, त्यांचीच घसरण झाली. ज्यांना भेटीच नव्हत्या ते होते तसेच राहिले.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ बसून होते. याचा अर्थ आपण जे देतो ते काढूनही घेऊ शकतो, आणि काढून घेतलेलं न दिलेल्यापेक्षा जास्त लागतं. नोकरी बदलते, लग्न होतं, ऑनसाइट जावं लागतं. आमच्या वयाचा स्वयंसेवक कायमचा असू शकत नाही. मग 'समर्पित' कुणाला म्हणायचं? माझ्या मते, जो सांगितलेल्या दिवशी येतो, येणार नसेल तर आधी कळवतो, आणि सोडून जायची वेळ आली की निरोप घेऊन, आपल्या जागी कुणाला तरी ओळख करून देऊन जातो. यातलं काहीच भव्य नाही. स्टेजवर सांगायला गेलं तर ऐकणारे जांभया देतील.

जपानमध्ये तासांचा हिशोब वेगळ्या पद्धतीने झाला आहे. १९७३ मध्ये ओसाकात तेरुको मिझुशिमा यांनी श्रमाची बँक सुरू केली, पैशाऐवजी वेळ जमा करायची. पुढे १९९०च्या दशकात 'फुरेआई किप्पू' नावाने ही कल्पना वृद्धसेवेत रुजली: आज इथल्या आजींसाठी दिलेला तास उद्या स्वतःच्या म्हातारपणी वापरता येतो, किंवा दुसऱ्या गावात राहणाऱ्या आपल्या आईवडिलांच्या नावे करता येतो. मला ही कल्पना मोहात पाडते आणि त्याचं कारण खाजगी आहे. माझे आईबाबा नांदेडला असतात. मी तिथे वर्षातून तीनदा जाते. एकदा फोनवर आई सहज म्हणाली, "तिथल्या आज्यांची नशीबवान मुलगी आहेस तू." त्यात टोमणा होता की नाही हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. माझे रविवार नांदेडला पाठवता आले असते, तर मी आनंदाने पाठवले असते. पण ते झालं असतं कर्ज आणि परतफेड. व्यवस्था म्हणून उत्तम, न्याय्यसुद्धा. सत्कार मात्र परतफेडीपेक्षा वेगळा असतो. ज्याची परतफेड होऊ शकत नाही हे आपल्याला कळलंय, असं सांगण्याची ती रीत आहे.

खुर्च्या मांडणाऱ्या मावशी

आता या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग. सत्काराच्या दिवशी आश्रमातल्या मावशी काय करत असतात? खुर्च्या मांडतात, चहा फिरवतात, स्टेजमागे शाली घड्या करून ठेवतात. बारा-बारा तासांची पाळी. डायपर बदलणं, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस पालटणं, रात्री तीनला 'मला घरी जायचंय' म्हणत उठलेल्या आजींना समजावून झोपवणं. मी रविवारी नऊला येते आणि साडेअकराला जाते. मला कंटाळा आला तर मी जाऊ शकते.

'त्यांना पगार मिळतो' हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. पगार कामाचा मिळतो. रात्री तीनला आवाज न चढवण्याचा वेगळा पगार नसतो, तो त्यांनी स्वतःहून घातलेला भाग आहे. फुकट काम करणाऱ्याला शाल आणि पोटासाठी काम करणाऱ्याला फक्त पाकीट, अशी वाटणी केली की आपण नकळत असं म्हणतो, की चांगुलपणा ही पोट भरलेल्यांची गोष्ट आहे. पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. पगार तुटपुंजा ठेवून वर शाल दिली तर तो अपमान आहे. आधी पगार वेळेवर आणि पुरेसा, मग शाल.

स्वयंसेवकांच्या कौतुकालाही अशीच एक काळी बाजू आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींहून जास्त होते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक, १५० जणांच्या सोयीचा वृद्धाश्रम राज्य सरकारने उभारावा अशी तरतूद आहे. आमचं कौतुक ऐकून 'चला, कुणीतरी बघतंय' म्हणत सगळे निवांत झाले, तर आमच्या शाली त्या रिकाम्या जागेवरचा पडदा ठरतील.

आजींचं म्हणणं

शेवटी ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांना विचारलं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक आजी आहेत, अजूनही माझं शुद्धलेखन सुधारतात. त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी आम्हाला दोन तास खुर्चीत बसवून ठेवलं होतं. बाथरूमला जायचं होतं, पण पाहुणे बोलत होते. तुमचा सत्कार करा गं, जरूर करा. पण आम्हाला प्रेक्षक करू नका. द्यायचं असेल तर आम्हालाच देऊ द्या ना."

हे माझ्या कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं. वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसाला दिवसभर घ्यावंच लागतं: जेवण, औषध, मदत, दया. द्यायची संधी जवळजवळ नसते. आमच्याकडे रहिवाशांकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे, आणि तो योग्य आहे. वृद्धांना फसवून दागिने-कागद लाटणारे कमी नाहीत. पण आभार हीसुद्धा द्यायची गोष्ट आहे, आणि ती तरी त्यांच्या हातातून जाऊ द्यावी. त्यांच्या वतीने पाहुण्यांनी आभार मानले की ती एकुलती एक गोष्टही त्यांच्याकडून निसटते.

मी समितीला पॉइंट नसलेलं ॲप करून दिलं. त्यात एकच गोष्ट दिसते: कोण, कुणाकडे, पुढच्या वेळी कधी येणार आहे. येणारा येऊ शकत नसेल तर आदल्या दिवशी कळवतो, म्हणजे ऑफिसमधल्या ताई त्या आजोबांना आधी सांगू शकतात किंवा दुसऱ्या कुणाला बोलावू शकतात. सोबत कार्यक्रमाबद्दल एक पानभर सूचना दिल्या. अर्धा तास पुरे. पुरस्कार आधी जाहीर करू नये. ज्यांना बोलायचंय त्या रहिवाशांनीच बोलावं आणि शालही त्यांनीच द्यावी. मावशींना त्या दिवशी चहा फिरवायला लावू नये, चहा आम्ही फिरवू.

काकांनी शांतपणे वाचलं आणि एक प्रश्न विचारला, "देणगीदार मोठ्या कार्यक्रमाला येतात. अर्ध्या तासाला कोण येणार? आणि देणगी आली नाही तर मावशींचा पगार कुठून वाढवू?" हा प्रश्न खरा आहे. त्यावर आमची अजून चर्चा चालू आहे. एक पर्याय असा निघालाय, की देणगीदारांना कार्यक्रमाऐवजी एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी बोलवावं, भाषणाशिवाय. त्यातले किती येतील, ते पाहायचंय.